खाडीचा गॉगल, हळदीचा गॉगल

माणूस गॉगल डोळ्यांसाठी घेतो असं ज्याला वाटतं, त्याने भिवंडीत चष्म्याचं दुकान चालवून बघावं. मी चालवलं. वडिलांच्या हाताखाली काचा घासायला शिकले, ते गेल्यावर दुकान सांभाळलं, आणि आता गुडघे साथ देईनात म्हणून सगळं भाच्याच्या हवाली करून घरी बसले आहे. इतक्या वर्षांत ‘ताई, माझ्या डोळ्यांना काय चांगलं?’ असं विचारून गॉगल घेणारं गिऱ्हाईक आठवायचं म्हटलं तर मला डोकं खाजवावं लागतं. बाकीचे सगळे आरशाकडे बघून घेतात. आरशात हिरो दिसला की संपलं, मग त्या काचेतून पुढचा खांब दिसो न दिसो.

नंबरच्या चष्म्याचं तसं नसतं. लूमवरचा कामगार शिफ्ट संपवून यायचा आणि एका वाक्यात मोकळा व्हायचा, “दीदी, टूटा धागा नहीं दिखता.” झालं. त्याला धागा दिसायला हवा, नाहीतर कापडात खोट जाते आणि शेठ बोंब मारतो. फ्रेमचा रंग कुठला हे त्याला गावी गेल्यावर बायकोकडून कळायचं. असं गिऱ्हाईक आलं की मला माझ्या धंद्याबद्दल आदर वाटायचा. मग लगेच कोणीतरी गॉगलवाला यायचा आणि तो आदर पार धुऊन टाकायचा.

म्हणून या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, गॉगलवर लिहीन. त्यातही मासे पकडायला जो पोलराइज्ड गॉगल लागतो ना, त्यावर. फोनवर पलीकडचे गृहस्थ हसले. हसू देत. ज्यांना खाडीवर उन्हात उभं राहावं लागत नाही त्यांना हसायला काय जातं.

आधी पोलराइज्ड म्हणजे काय ते सांगते, कारण निम्म्या लोकांना तो कंपनीचा शब्द वाटतो. भिवंडीकराला हे समजावणं सोपं आहे. कापडात ताणा असतो आणि बाणा असतो, उभे धागे आणि आडवे धागे. आता असं कापड मनात आणा की ज्यात नुसता ताणा आहे, बाणा भरलेलाच नाही. पोलराइज्ड काचेत तशीच एक पातळ फिल्म असते, नुसत्या उभ्या रेघांची. ऊन पाण्यावर आपटून आपल्या डोळ्यांत येतं, तो उजेड आडवा होऊन येतो. उभ्या रेघांमधून आडवा उजेड आत शिरत नाही. चकाकी बाहेरच अडते आणि पाण्यात काय हालतंय ते दिसायला लागतं. एवढंच शास्त्र आहे. याला दुकानदार टेक्नॉलॉजी म्हणतात आणि आवाज खाली आणून सांगतात.

रस्त्यावर चादर अंथरून जे गॉगल विकतात, त्यातल्या बहुतेकांत ही फिल्म नसतेच. काळं प्लास्टिक आणि वर सोनेरी स्टिकर. काहींत असते, पण वरून नुसती चिकटवलेली. गाडीत उन्हात राहिली की तळलेल्या पापडासारखे फोड येतात. काहींत एका डोळ्याची फिल्म सरळ आणि दुसऱ्याची तिरकी बसवलेली असते, मग थोड्या वेळात डोकं भणभणायला लागतं आणि माणूस म्हणतो, मला ऊन लागलं. आणि नुसतं काळं प्लास्टिक बिनकामाचं असतं तरी चाललं असतं, ते चक्क वाईट असतं. डोळ्यांपुढे अंधार केला की बाहुली मोठी होते. काच उन्हातले अतिनील किरण अडवत नसेल तर त्या मोठ्या बाहुलीतून ते जास्तच आत जातात. उघड्या डोळ्यांनी उन्हात गेलेला माणूस निदान डोळे बारीक तरी करतो. काळा चष्मा घातलेला करत नाही, कारण त्याला वाटतं आपण सावलीत आहोत.

आता महागड्यांचं ऐका. फिल्म दोन थरांच्या मध्ये पक्की बसवलेली, खारं पाणी लागलं तरी न सुटणारी, कडेने उजेड न येणारी, आरपार स्वच्छ दिसणारी. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण हे सगळं मधल्या किमतीतही मिळतं. त्याच्या वरचे पैसे काडीवर लिहिलेल्या नावाचे असतात, आणि ते नाव घालणाऱ्याला दिसत नाही, शेजारच्याला दिसतं. आमच्या खाडीचं पाणी तर चहासारखं. कितीही भारीतला चढवा, तळ दिसायचा नाही. तपकिरी काच घ्या, करडी उघड्या समुद्रावर ठीक. कडेने डोळा झाकणारी घ्या. आणि दुकानातला दुसरा पोलराइज्ड गॉगल त्याच्यावर आडवा धरून बघा, दोन्ही एकत्र काळेकुट्ट झाले तर माल खरा. हे मी आयुष्यभर फुकट सांगत आले. फुकट सांगितलेलं कोण ऐकतो.

मानकोलीचा एक गोदामवाला मित्रांबरोबर बोटीतून गळ टाकायला जायचा म्हणून माझ्याकडून चांगला पोलराइज्ड घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात गाडी दारात, ड्रायव्हर मागे, आणि गॉगल काउंटरवर आपटलेला. “डुप्लिकेट माल देता? मोबाईल आडवा धरला की काळा पडतो.” मी म्हटलं, “अहो, मोबाईलच्या पडद्यातही तशाच रेघा असतात. काळा पडतो म्हणूनच तर हा अस्सल आहे.” त्याने ड्रायव्हरकडे असं बघितलं की बघ, बाई कशी गुंडाळते. मग म्हणाला, “ज्यातून मोबाईल दिसेल असा द्या.” मी साधा काळा दिला. तो खूश होऊन गेला. त्याला मासा बघायचाच नव्हता, माशाचा फोटो बघायचा होता.

आमच्याकडे गॉगलचा खरा सीझन उन्हाळा नाही, लग्नसराई. हळदीला गॉगल लागतो. दिवस मावळल्यावर, मांडवात, डीजेच्या लाइटखाली, सगळ्या भावकीच्या डोळ्यांवर गॉगल. यात नवल वाटून घ्यायचं मी कधीच सोडून दिलं. पण यामागे एक रीत आहे आणि ती कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. दापोडे, कोन, मानकोली या पट्ट्यात जमिनींवर गोदामं उभी राहिली, घरात पैसा आला, चांगल्या वस्तू आल्या. पण चांगली वस्तू वापरायची नसते हे डोक्यातून गेलं नाही. सोफ्यावरचं प्लास्टिक निघत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत. काचेच्या बश्या पाहुण्यांना. वस्तू जितकी भारी तितकी कपाटात खोल, आणि कपाटातून निघणार ती हळदीला, नाहीतर साखरपुड्याला. म्हणजे उन्हासाठी केलेली भारीतली काच मांडवात नाचते आणि उन्हात कोण जातं, तर रस्त्यावरचं काळं प्लास्टिक. यापेक्षा मोठा गाढवपणा मी माझ्या धंद्यात पाहिला नाही.

हिराजीदादा कोनचा. जन्म खाडीवर गेलेला. मुलाने, जगदीशने, दापोड्याच्या जमिनीवर गोदामं बांधून भाड्याने दिली, घर दोन मजली झालं, दारात गाडी आली. पण भरती-ओहोटी बघून दादा पाग खांद्यावर टाकून निघायचाच. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, कडेला शिसं लावलेलं. दोन्ही हातांनी सावरायचं, एक कड दातांत धरायची आणि अंगाला पीळ देऊन असं फेकायचं की पाण्यावर उघडून पडलं पाहिजे. त्याआधी बोई माशांचा थवा कुठून चाललाय ते पाण्यावर दिसायला लागतं. चकाकीत तो दिसत नाही. म्हणून दादा जन्मभर डोळे फाडून त्या चकाकीत बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत मांस वाढलं.

हे उन्हातल्या, खाऱ्या वाऱ्यातल्या माणसांना होतं. नाकाच्या बाजूने एक लालसर पडदा बाहुलीकडे सरकत येतो. डाव्या डोळ्यातला डॉक्टरांनी एकदा काढला, तो परत आला. उजव्यातला नवा. कल्याणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बाहुलीवर चढला तर दिसणं जाईल. सारखं सारखं कापता येणार नाही. एकतर खाडी सोडा, नाहीतर चांगला गॉगल लावून जा. जगदीश म्हणाला, खाडी सोडा, लोक आम्हाला हसतात, गोदामवाल्याचा बाप चिखलात उभा. दादा म्हणाला, “खाडी सोरून काय करू? तुज्या गोडावनान वाचमन होऊ?” मग जगदीशने मुंबईच्या मॉलमधून, कंपनीचा, खास मासेमारीचा पोलराइज्ड गॉगल आणला. त्या किमतीत दादासाठी नवी होडी आली असती.

गॉगलला घरात हळदकुंकू वाहिलं. पेढे वाटले. आणि दादाने तो कपाटात ठेवला, सुनेच्या मंगळसूत्राच्या डबीशेजारी. खाडीवर गेला तो उघड्या डोळ्यांनी.

हे मला सांगायला आली ती प्रतीक्षा, जगदीशची बायको. दोन पोरांच्या मागे धावून घर सांभाळणारी, तोंडाने फटकळ पण सासऱ्यावर जीव. दुकानात येऊन बसली आणि पर्समधून तो गॉगलचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

“मावशी, मी चोरून आणलाय. याचं काहीतरी करा.”

“काय करू? मोडलाय का?”

“मोडला असता तर बरं झालं असतं. घालतच नाहीत बाबा. म्हणतात, चिखलात पडला तर काय करू, खाडीत गेला तर जगू मारंल. एवढा भारीचा चिखलात न्यायचा काय, हळदीला घालू. आणि आता त्यांनी बाजारातून एक काळा आणलाय, स्टिकरवाला. तो घालून जातात. डोळा बघा त्यांचा, नुसता निखारा झालाय.”

मी तो महागडा उघडून बघितला. काच सुरेख होती, तपकिरी, अगदी आमच्या पाण्याला हवी तशी. जगदीशने चुकून योग्य वस्तू आणली होती. आणि ती वस्तू कपाटात बसून राहणार होती, आणि म्हातारा आंधळा होणार होता, कारण वस्तू भारीची होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी प्रतीक्षाला विचारलं, “काच बाबांना हवी आणि फ्रेम कपाटाला हवी, नाही का?”

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला आणि खांदे हलेपर्यंत हसली.

मी त्या काचा काढल्या. काळ्या प्लास्टिकची, बाजारात मिळते तसली ठोकळ फ्रेम घेतली आणि त्या मापाला काचा घासून बसवल्या. हे वाटतं तितकं सोपं नाही. काच घासताना फार तापली तर थर सुटतात, आणि बसवताना जराशी फिरली तर आतल्या रेघा तिरक्या होतात, मग कसली चकाकी अडते आणि कसलं काय. भाचा म्हणत होता, मशीनवर टाक. मी हाताने केलं. आणि त्या मॉलवाल्या फ्रेममध्ये साध्या रंगीत काचा बसवल्या, डोळ्याला अपाय न करणाऱ्या, पण पोलराइज्ड-बिलराइज्ड काही नाही. मी दुकानदार आहे, राक्षस नाही. नामांकित फ्रेम परत डबीशेजारी गेली. ठोकळा प्रतीक्षाने दादाला दिला आणि सांगितलं, बाजारातून आणला, आधीच्यापेक्षा बरा वाटला म्हणून. जन्मभर मी लोकांना स्वस्तातला माल भारीचा म्हणून खपवताना बघितलं. भारीचा माल स्वस्तातला म्हणून खपवायला मला फार बरं वाटलं.

पुढचे महिने मजेचे गेले. दादा रोज तो ठोकळा घालून खाडीवर. होडीत फेकायचा, कनवटीला खोचायचा, चिखल लागला की पाण्यात बुचकळून पुसायचा. स्वस्तातला ना, मग वापरायला कसला संकोच. आणि कपाटातला कोण घालत होता, तर जगदीश. बाप घालत नाही तर मी घालतो म्हणून त्याने तो हळदीला काढला, मग दुसऱ्या हळदीला, मग मित्रांबरोबर बोटीवर. एकदा दुकानात आला आणि भाच्यासमोर तो गॉगल काढून हातात फिरवत म्हणाला, “मावशी, तुम्ही लोक असला माल का ठेवत नाही? काय क्लॅरिटी आहे. पाण्यातला मासा न् मासा दिसतो, बॉस.” भाचा आतल्या खोलीत पळाला. मी जगदीशला म्हटलं, “आमची एवढी ऐपत कुठली.” तो खूश झाला.

मग डॉक्टरांची तारीख आली. डॉक्टरांनी बघितलं, लाली उतरली होती, पडदा जिथे होता तिथेच थांबलेला, बाहुलीला लागला नव्हता. म्हणाले, गॉगल असाच चालू ठेवा, सध्या कापाकापी नको. प्रतीक्षाने लगेच मला फोन करून हे सांगितलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

आठवडाभराने हिराजीदादा स्वतः दुकानात आला. त्या दिवशी गल्ल्यावर मीच बसले होते हे माझं नशीब की दुर्दैव, कोण जाणे. त्याच्या डोळ्यांवर ठोकळा होता. त्याच्यासोबत बाळाराम, खाडीवरचा त्याचा सोबती, आणि बाळारामाच्या डोळ्यांवर हुबेहूब तसाच ठोकळा.

दादा खुर्चीत ऐसपैस बसला. “बाय, डाक्टर बोलला, डोला वाचला. आनि जगू सगल्यांना सांगतंय, भारीचा चष्मा आनला म्हनून वाचला. मना हसू येतं. भारीचा तं कपाटान हाय. मी ह्यो घालतो, बाजारातला.” त्याने डोळ्यांवरचा ठोकळा बोटाने ठोकला. “मी खाडीवर सगल्यांना बोललो, पैसे फुकट घालवू नका. ह्योच घ्या. दोघातिघांनी घेतला पन. ह्या बाल्याचा डोला मातर लाल झालाय, बघ जरा.”

बाळारामाने ठोकळा काढला. दोन्ही डोळे लालभडक. “मना डोकं पन दुकतं, बाय,” तो म्हणाला. “हिराजीला लागू पडतं नि मना कसं न्हाय?”

मी त्याचा गॉगल हातात घेतला. बाजारातला. सोनेरी स्टिकर अजून काढलेला नव्हता, कारण स्टिकर काढला तर मग भारीपणा काय राहिला. मी दुकानातला एक पोलराइज्ड गॉगल त्याच्यावर आडवा धरून खिडकीकडे दाखवला. काही झालं नाही, पलीकडचा रस्ता दिसत राहिला. दादाही बघत होता.

आता मी काय करायला हवं होतं, सांगा. गप्प राहिले असते तर दादाचा डोळा वाचला असता आणि खाडीवरच्या बाकी माणसांनी त्याच्याकडे बघून काळं प्लास्टिक चढवलं असतं. खरं सांगितलं तर दादाचा गॉगल जाणार कपाटात, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. बाळाराम समोर डोळे चोळत बसला होता. त्याला तसंच घरी पाठवणं माझ्याने झालं नसतं.

“दादा, तुमचा द्या,” मी म्हटलं.

मी त्याचा ठोकळा घेतला आणि त्याच्यावर तसाच दुसरा आडवा धरला. दोन्ही काचा एकदम काळ्या झाल्या, रस्ता गायब. बाळाराम खुर्चीतून पुढे झुकला. आणि मग मी सगळं सांगितलं, फ्रेम कुठली, काच कुठली, कोणी बदलली, का बदलली. प्रतीक्षाचं नाव गाळायचा प्रयत्न केला, पण दादाने तोंडाकडे बघूनच ओळखलं.

त्याने विचारलं, “म्हंजे जगूच्या डोल्यावर काय हाय?”

“साधं प्लास्टिक.”

तेवढ्यापुरता तो हसला. “त्याला नको सांगू. त्याला लय शोभतंय.” मग त्याने माझ्या हातातून आपला गॉगल घेतला. रोज कनवटीला खोचायचा तोच गॉगल, पण आता दोन्ही हातांनी घेतला, अंड्यासारखा. डोळ्यांवर घातला नाही. रुमाल काढला, त्यात गुंडाळला आणि आतल्या खिशात ठेवला. बाळारामाला मी मधल्या किमतीतला खरा पोलराइज्ड दिला, बाकीच्यांनाही पाठव म्हणून सांगितलं. ते दोघे गेले तेव्हा दुपारचं ऊन रणरणत होतं आणि दादा डोळ्यांवर हाताची झापड धरून रस्ता ओलांडत होता.

पुढचं मी सांगायची गरज नाही, पण सांगते. काही दिवसांनी प्रतीक्षाचा फोन. “मावशी, दोन्ही कपाटात आहेत. एक डबीच्या डाव्या बाजूला, एक उजव्या. एकदा नेला होता खाडीवर. पाग टाकताना एक हात गॉगलवर धरून ठेवला, पाग उघडलाच नाही, सगळे हसले. तेव्हापासून नेत नाहीत. मी स्वस्तातला नवा आणून देते म्हटलं तर म्हणतात, घरात इतका भारीचा असताना दुसरा कशाला. आणि डोळा परत लाल.”

बघा म्हणजे. भारीचा आहे म्हणून घालायचा नाही, आणि भारीचा घरात आहे म्हणून दुसरा घ्यायचा नाही. या अकलेपुढे डॉक्टरने काय करावं आणि मी काय करावं. मी फोन ठेवला, भाच्याला शिव्या दिल्या, तसं त्याने काही केलं नव्हतं, आणि रिक्षा करून कोनला गेले.

दादा खाडीवरून आलेला, ओसरीत बसलेला. घरात मार्बल, आणि म्हातारा मार्बलवर गोणपाट टाकून त्यावर बसलेला, कारण अंगाला चिखल होता. उजवा डोळा पाणावलेला, पडद्याची कड लाल. मी काहीच बोलले नाही डोळ्याबद्दल. म्हटलं, “दादा, तो गॉगल आणा जरा. बघते काच सैल झाली का.”

तो हात धुऊन आत गेला. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात सोनाराकडची लाल मखमली पिशवी होती. त्याने गाठ सोडून त्यातून तो काळा ठोकळा काढला, प्लास्टिकचा, बाजारात ढिगाने मिळतो तो, आणि माझ्या तळहातावर अलगद ठेवला. ते बघून मला रडावं की हसावं कळेना. आयुष्यात इतका राग मला कुठल्याच गिऱ्हाइकाचा आला नव्हता, आणि इतकी मायाही.

काच सांभाळून मी फ्रेम डाव्या हातात घट्ट धरली. उजव्या हाताने काडी बिजागरीपासून जरा लांब पकडली, उलटी वाकवली आणि मोडली.

प्रतीक्षा स्वयंपाकघराच्या दारात होती. जन्म काड्या जोडण्यात गेला माझा, मोडायची ही पहिलीच वेळ.

“बाय, येडी झालीस काय?” दादाने हळू आवाजात विचारलं.

“मोडला,” मी म्हटलं. “आता हळदीला चालायचा नाही. आणि माझ्याकडे आणू नका, मी जोडून देणार नाही.”

गोणपाटावर बसून त्याने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. शेजारी पाग विणायच्या सुताची गुंडी पडलेली होती, ती ओढली, सूत तुटलेल्या जागेवर गुंडाळत गेला, घट्ट, एकावर एक, आणि गाठ दातांनी आवळली. असली गाठ माझ्या दुकानात कोणी मारली असती तर मी त्याला बाहेर काढलं असतं. सुताचा हा एवढा गोळा कानाजवळ झाला. त्याने गॉगल डोळ्यांवर चढवला, मान जोरात हलवली. हलला नाही. पुन्हा हलवून बघितली.

“आता जालाच हाय मोडका,” तो म्हणाला, “तं खाडीन न्यायला काय हरकत न्हाय.”

प्रतीक्षाने त्याच्यापुढे भाताचं ताट आणून ठेवलं आणि पटकन आत गेली. तो गॉगल घालूनच जेवायला बसला, आणि मी त्याला काढायला सांगितलं नाही.